अडवलेलं पाणी कुणाचं?

डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं, घमेल्यात मुरूम. १९७३ सालचा मे महिना आहे आणि तुम्ही पुरंदर तालुक्यातल्या एका उघड्या माळावर बायकांच्या रांगेत चालता आहात. खाली ओढ्याच्या काठाला पुरुष टिकावानं मुरूम उकरतात. तुम्ही तो भरावावर नेऊन ओतता, रिकामं घमेलं घेऊन उतरता, पुन्हा भरून घेता. पाझर तलावाचा बांध चढतो आहे. मुकादम मस्टर मांडीवर घेऊन बाभळीच्या विरळ सावलीत बसलाय. "आक्का, पाय उचला. माप घ्यायला सायेब यायचेत आज."

या महिन्यात राज्यातली जवळपास पन्नास लाख माणसं अशीच दुष्काळी कामावर आहेत. कुठं रस्त्यासाठी खडी फुटतेय, कुठं ताली पडतायत, कुठं तलाव होतायत. संध्याकाळी चुलीवर परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी, पोरांना सुकडी. जनावरं छावणीत, नाहीतर बाजारात गेलेली. तुमच्या पुढची बाई बारा एकरांची मालकीण आहे. तिच्या पुढची गेल्या सालापर्यंत तिच्याच रानात खुरपायला यायची. आता दोघींची नावं एकाच मस्टरवर आहेत.

दुपारी भाकरी सोडताना तुम्ही विचारता, "हा तलाव भरला की पाणी कुणाला मिळणार?"

बारा एकरवाली बांधाच्या पलीकडं हात करते. "खालच्या अंगाला ज्याची हीर, त्याचं पानी. माझं रान वर हाय."

खुरपणारी काहीच बोलत नाही. तिला रानही नाही आणि विहीरही नाही.

हा प्रश्न सोबत घ्या आणि मागं चला. बांध, पाट, चर, तलाव वाटेत पुष्कळ भेटतील. प्रत्येक ठिकाणी आधी पाणी कसं अडवलं ते बघा आणि मग हाच प्रश्न विचारा.

पहिला मुक्काम फार लांबचा आहे आणि तिथं थांबताही येणार नाही. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या आहेत आणि त्यांतून लाव्हा वाहतो आहे. एक थर पसरतो, निवतो. काही काळ शांततेत जातो, वर लाल माती साचते. मग त्यावर दुसरा थर येतो आणि खालची लाल माती भाजून निघते. प्रत्येक थराच्या वरच्या अंगाला वायूचे बुडबुडे अडकून राहिलेत, आतला भाग मात्र घट्ट, काळा, निबर. आजच्या महाराष्ट्राची चार पंचमांश जमीन या थरांवर उभी आहे, आणि आपल्या पाण्याची निम्मी गोष्ट इथंच ठरून गेली आहे. घट्ट पाषाणात पाणी मुरत नाही. ते राहतं फक्त वरच्या कुजलेल्या खडकात, मुरमात, सांध्यांत आणि भेगांत. गंगेच्या खोऱ्यासारखा शेकडो फूट खोल वाळूचा साठा आपल्या पायाखाली नाही. जे आहे ते एका चांगल्या पावसाळ्यात भरतं आणि उपसलं की उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतं.

त्याच खडकाचा मुरूम होतो आणि मुरमाची माती. बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. पाणी साठवायची पहिली जागा ही मातीच, तलाव आणि विहिरी त्यानंतरच्या. वळवाचा मोठा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगानं उघड्या जमिनीवर आदळतो, मातीचे कण उडवतो, बारीक कण छिद्रांत बसतात आणि वरचं तोंड लिंपलं जातं. मग पाणी आत जायचं सोडून उताराला लागतं. त्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ओघळ पडते, ओघळीची घळ होते आणि शेकडो वर्षांची कमाई तासाभरात ओढ्याला मिळते. ज्यांनी ज्यांनी जमीन राखली, त्यांनी एवढंच केलं आहे : थेंब झेलला, मग वाहत्या पाण्याचा वेग मोडला.

इसवी सनापूर्वी १२०० च्या आसपास घोड नदीच्या काठावर उतरा. शिरूर तालुक्यातलं हे आजचं इनामगाव. मातीच्या चौकोनी घरांची वस्ती आहे, लाल मडक्यांवर काळ्या रेषांची नक्षी आहे, पोरं नदीत डुंबतायत. तुम्हाला दगड उचलायला लावलंय. वस्तीच्या बाजूनं दगडमातीचा लांबलचक बांध घातलाय आणि त्यालगत पाट खणलाय. पुराचं पाणी या पाटात वळवायचं आणि जवाच्या रानात न्यायचं. तुमच्या हातातल्या दगडाला जागा दाखवणाऱ्या म्हाताऱ्याला लिहिता येत नाही, पण पूर कुठवर चढतो हे त्याला बरोबर ठाऊक आहे. नदीला पूर असतानाच तिचं पाणी बाजूला काढून ठेवायचं, हे शहाणपण या भूमीवर तीन हजार वर्षांहून जुनं आहे.

आता प्रश्न विचारा. उत्तर वस्तीच्या मध्यभागी आहे. पाच खोल्यांचं एक मोठं घर आणि त्याला लागून धान्याचं कोठार. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून पंधरा वर्षं इथं उत्खनन केलं, त्यांनी हे घर प्रमुखाचं मानलं. धान्य त्याच्याजवळ गोळा होत असेल, तर पाटावरचा शब्दही त्याचाच चालत असणार, असं मला वाटतं.

तीनशे वर्षं पुढं सरका, जागा तीच. चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्यात. गहू दिसत नाही. गुरं कमी झालीत, उकिरड्यावर हरणांची हाडं वाढलीत. पाऊस हटत गेलाय. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमाराला इथं कुणीच राहत नाही. बांध चांगला होता. पण सलग पिढ्यान्‌पिढ्या कोरड्या गेल्यावर नुसता बांध काय करणार? पाणलोटाचं काम हे दुष्काळाविरुद्धचं अमोघ अस्त्र आहे असं आजकाल व्यासपीठांवरून सांगितलं जातं. सांगणाऱ्यांना मी एकदा इनामगावला पाठवीन.

पांझरेच्या काठी मात्र जरा जास्त वेळ काढा. खानदेश, सुमारे तीनशे वर्षांपूर्वी. नदीत आडवी, बुटकी दगडी भिंत आहे, चुन्यात बांधलेली. तिला बंधारा म्हणतात. तो नदीला कोंडत नाही, तिची पातळी थोडी उंचावतो, तेवढ्यावर पाणी काठच्या पाटात चढतं. पाटातून चाऱ्या फुटतात. जास्तीचं पाणी सांडमातून परत नदीला मिळतं. मधे पंप नाही, दार नाही, सगळं उतारावर चालतं. पांझरेसारखेच मोसम आणि आरम या नद्यांवरही असे बंधारे एकापाठोपाठ एक आहेत.

भिजणाऱ्या सगळ्या जमिनीला थळ म्हणतात. थळाचे तीन-चार मोठे तुकडे, ते फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं : यंदा या फडात ऊस, त्या फडात गहू, तिसऱ्यात भुसार. पुढच्या साली पिकं फिरतात आणि जमिनीलाही विसावा मिळतो. शेतकऱ्याची जमीन एका जागी नाही, तिचे तुकडे वेगवेगळ्या फडांत आहेत. तुम्हाला हे आधी गैरसोयीचं वाटतं. एवढं का चालायचं? रात्री तुम्ही पाटकऱ्याबरोबर निघता तेव्हा कारण कळतं.

पाटकरी पुढं, खांद्यावर फावडं. तो अहिराणीत बोलतो, भराभर आणि कमी. चारीचं तोंड मातीनं बुजवतो, पुढची चारी फोडतो, वाफ्यात पाणी शिरताना ऐकत उभा राहतो. वाफा भरला हे त्याला अंधारात आवाजावरून कळतं. इथं शेतकरी स्वतः पाणी धरत नाही. पाणी द्यायचं ते पाटकऱ्यानं, सगळ्या फडाला, ओळीनं. पीक एकच असल्यानं पाळीही एकच. अमक्याला जास्त, तमक्याला कमी असं करायला वावच ठेवलेला नाही. जागल्या पिकात शिरलेली गुरं हाकलून कोंडवाड्यात घालतो. या लोकांचा मेहनताना सुगीत धान्यानं मिळतो, म्हणजे सगळ्यांचं पिकलं तरच त्यांचं भागतं. पावसाळ्याआधी पाटातला गाळ काढायला घरटी माणूस यावं लागतं. न येणाऱ्याला दंड.

नदी आटली तर? तुम्ही विचारता. पाटकरी फावड्यानंच एका अंगाचा अंधार दाखवतो. तो फड यंदा कोरडा ठेवायचा. पंचांनी ठरवायचं आणि ते सगळ्यांनी मानायचं. प्रत्येकाचा एक तुकडा कोरड्या फडात आहे आणि एक भिजणाऱ्या फडात. टंचाई आली की ती सगळ्यांच्या वाट्याला थोडी थोडी येते, एकट्या कुणावर कोसळत नाही. जमिनीचे तुकडे असे विखरून ठेवण्यामागं हा हिशेब आहे. पाणी वाटायची याहून न्यायाची घडी मला तरी आपल्या इतिहासात दिसलेली नाही. अर्थात थळात ज्याची जमीनच नाही, तो या घडीच्या बाहेरच उभा आहे, हेही अंधारात नीट पाहून घ्या.

१८७७. इथं थांबवत नाही. दख्खनचा दुष्काळ आहे, सरकारी कामावर माणसं मजुरीसाठी आली आहेत आणि दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबानं मजुरी ठरवावी असं बडे सरकारी अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांचं म्हणणं आहे. मजुरांनी कामं सोडली आहेत, पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूनं लिहिते आहे. मागं डोंगर बघा, पुढच्या वर्षी येणारा नवा वन कायदा ते गावांना बंद करणार आहे.

सहा वर्षांनी, १८८३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुले 'शेतकऱ्याचा असूड' पुरा करतात. पुस्तक जातिव्यवस्था आणि नोकरशाही यांच्यावरचं म्हणून आपण वाचतो, पण त्यात पाणलोटाचा आराखडा आहे. पूर्वी डोंगरावरचा पालापाचोळा आणि जनावरांचं शेण पावसाबरोबर शेतात उतरत असे, वनखात्यानं डोंगर बंद केल्यावर ते खत तुटलं, हे त्यांनी नेमकं हेरलं. रिकाम्या पलटणीतल्या आणि पोलिसांतल्या माणसांकडून जागोजागी ताली आणि बंधारे अशा बेतानं घालून घ्यावेत, की पावसाचं पाणी आधी शेतांत मुरावं आणि उरलेलं ओढ्याला मिळावं, असं ते सुचवतात. तलावातला गाळ शेतकऱ्यांना नेऊ द्यावा, पाणाड्यांकडून झरे शोधून घ्यावेत. माथ्यावरचं जंगल, मधली ताल, खालची विहीर हे एकच प्रकरण आहे, असं ते मांडतात. आज पाणलोटाच्या प्रशिक्षणात 'माथा ते पायथा' हे सूत्र शिकवतात तेव्हा जोतीरावांचं नाव फारसं घेतलं जात नाही. घेतलं पाहिजे.

सोलापूर, १९३३. कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू होतंय. उतारावर आखलेल्या तुकड्यांच्या खालच्या टोकाला हौद आहेत. पाऊस पडला की तुम्ही हौदातलं पाणी मोजायचं आणि तळाशी बसलेली माती वाळवून तोलायची. माती किती जाते याचं वजन हातात यायला लागलं आहे. इथून पुढं शिफारशी निघतात : समपातळीत बांध, खोल नांगरट, शेणखत, विरळ पेरणी, वारंवार कोळपणी, पेरणी उताराला आडवी. १९४२ मध्ये मुंबई इलाख्यात जमीन सुधारणेचा कायदा होतो आणि मग बांधबंदिस्तीची कामं हजारो एकरांवर पसरतात.

त्यातल्या एका बांधावर उभे राहा. साहेबानं दुर्बीण लावून समपातळीची रेषा काढली आहे. रेषा बरोबर आहे. पण ती तीन भावांच्या वाटण्या कापून गेली आहे आणि एकाच्या रानात तिनं पाचरीसारखा तुकडा काढला आहे, तिथं औत वळत नाही. वरच्या भावाच्या रानात पाणी साचतं, खालच्याला त्याचा लाभ होतो. हलक्या, मध्यम जमिनीत हे बांध चांगले टिकतात. खोल काळ्या जमिनीचा स्वभाव निराळा. ती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, बांधही भेगाळतो, आणि भर पावसात पाणी भेगेतून शिरून बांध फोडतं. तिथं समपातळीपेक्षा ढाळीचे बांध हवेत, पाण्याला हळूहळू बाहेर जायला वाट देणारे. माती न विचारता एकच बांध सगळीकडं घातला गेला, शेतकऱ्यालाही विचारलं नाही, आणि म्हणून दोन-तीन हंगामांत पुष्कळांनी तो नांगरून टाकला. त्यांना अडाणी ठरवणं सोपं होतं.

आता पुरंदरला परत. माळ तोच, साल १९७४ च्या पुढचं. विलासराव साळुंखे हे पुण्यातले कारखानदार इंजिनिअर दुष्काळात या भागात हिंडले आणि नायगावला देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन भाड्यानं घेऊन बसले. त्या जमिनीवर कुणी कुसळाशिवाय काही पाहिलेलं नाही. तुम्ही त्यांच्या माणसांबरोबर वरून सुरुवात करता. उतारावर आडव्या ताली, ओघळींत दगडांचे बांध, पायथ्याला पाझर तलाव, त्याच्या खाली विहीर. विहिरीचं पाणी पुन्हा वर चढवून रानाला. काही वर्षांत त्या माळावर धान्य उभं राहतं.

इथवरची गोष्ट पुष्कळ ठिकाणी घडली आहे. नायगावचं खरं काम विहिरीला पाणी लागल्यावर सुरू होतं. संध्याकाळी घोंगडी अंथरून पाणी वाटून घेणाऱ्या गटाची, म्हणजे पाणी पंचायतीची, बैठक बसली आहे. नियम एकेक करून ठरतायत. पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यायचं नाही, माणसांच्या प्रमाणात द्यायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि कुटुंबात कितीही माणसं असली तरी अडीच एकरांपुरतंच. ऊस लावायचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा गटानं स्वतः उभा करायचा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकला जाणार नाही. आणि ज्याला जमीन नाही, त्यालाही पाण्याचा वाटा.

शेवटच्या नियमाला बैठक हलते. "रान न्हाई त्यो पानी कुठं वतनार?" कुणीतरी विचारतं. उत्तर तयार आहे : तो दुसऱ्याचं रान वाट्यानं करील आणि आपलं पाणी घेऊन येईल. मग वाटा ठरवताना तो हात जोडून उभा राहणार नाही, बरोबरीनं बसेल. फडातल्या अंधारात बाहेर राहिलेला माणूस पहिल्यांदा आत येतो, तो इथं. १९७३ च्या रांगेत जी बाई बोलली नव्हती, तिच्यासाठी कुणीतरी उत्तर शोधलं होतं. साळुंखे २००२ मध्ये गेले. पाणी पंचायतीचे हे नियम राज्यभर व्हायला हवे होते, झाले नाहीत. कारण उघड आहे. बांधाला विरोध कुणी करत नाही, अशा नियमाला करतात.

पुढचा टप्पा नगर जिल्ह्याचा, १९९० नंतरचा. हिवरे बाजारात पोपटराव पवार सरपंच झालेत, वर्षाचा पाऊस चारशे मिलिमीटरच्या घरात, निम्मं गाव कामासाठी बाहेर. तुम्ही डोंगरावर आहात, हातात ए-फ्रेम. तीन बांबूंची चौकट, मधोमध ओळंबा. एक पाय रोवायचा, दुसरा फिरवायचा, ओळंबा मध्यखुणेवर आला की दोन्ही पाय समपातळीत. तिथं फक्की टाकायची. सकाळभरात डोंगराच्या अंगावर पांढरी रेषा उमटते. त्या रेषेत सलग समतल चर खणायचा, माती खालच्या अंगाला टाकायची, तिच्यावर हमाट्यासारख्या चाऱ्याचं आणि गवताचं बी फेकायचं. पाणी चरात थांबतं, मुरमात उतरतं. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी असेल तरच गवत टिकतं, गवत टिकलं तरच माती धरते आणि खालच्या बंधाऱ्यात गाळ भरत नाही. वरचं सोडून आधी ओढ्यात बंधारा बांधणारी गावं दोन पावसाळ्यांत गाळ उपसत बसतात.

पण हिवरे बाजारचं नाव या चरांमुळं टिकलेलं नाही. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, आणि दरसाल पाऊस मोजून गावसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा, यामुळं टिकलं आहे.

आणि आता तुम्ही आजच्या एका गावात आहात. नाव कुठलंही घ्या. गेल्या उन्हाळ्यात इथं पोकलेननं ओढा खोल आणि रुंद केला. फोटो निघाले. मुरूम संपून कातळ लागेपर्यंत खणला, काठावर टाकलेली माती पहिल्याच पुरात परत आत आली. आजूबाजूच्या विहिरींचं पाणी खोल पात्रात पाझरून निघून गेलं, असं त्या काठचे लोक सांगतात. शिवारात प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली शेततळी आहेत, पावसानं नाही तर विहिरींनी भरलेली. सगळ्यांच्या जमिनीखालचं पाणी वर काढून, उन्हात पसरून, एकाच्या नावावर केलेलं. रात्री बोअरच्या गाडीचा आवाज येतो. पाचशे फूट, सातशे फूट. इतक्या खोल घट्ट पाषाणात एखादी भेग लागली तर लागली.

तरीही देवळापुढं ऑक्टोबरची गावसभा भरली आहे आणि फळ्यावर हिशेब मांडलाय. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला म्हणजे दहा हजार लिटर. शिवार हजार हेक्टर, यंदाचा पाऊस चारशे मिलिमीटर, म्हणजे आभाळातून आलं चारशे कोटी लिटर. त्यातलं वाफ होऊन गेलेलं, मातीत राहिलेलं, ओढ्यानं नेलेलं शाळेतले मास्तर एकेक करून वजा करतात. मग माणसांचं पिण्याचं आणि जनावरांचं काढून ठेवतात. फळ्यावर शेवटी उरलेला आकडा लहान आहे. एक हेक्टर ऊस वर्षाला दोन कोटी लिटरच्या पुढं पाणी घेतो, हे ते खाली लिहितात आणि खडू ठेवतात.

मागच्या रांगेत एक म्हातारी बसली आहे. तिनं तरुणपणी दुष्काळी कामावर घमेली वाहिली आहेत. "ह्यात माझं किती?" ती विचारते. तिला रान नाही. मास्तर सरपंचांकडं बघतात, सरपंच बागायतदारांकडं.

ठराव मांडला जातो. यंदा उन्हाळी कांदा नाही. ज्वारी, हरभरा आणि चारा. विहिरींवर रात्रीची मोटार बंद. ज्यांना जमीन नाही त्यांच्या चाऱ्यासाठी गायरानाच्या कडेची विहीर राखीव. ती विहीर तुमची आहे. ती यंदा भरली, कारण वरच्या डोंगरावर सगळ्या गावानं चर खणले, त्या म्हातारीच्या नातवानंही. ठरावाच्या बाजूनं असणाऱ्यांनी हात वर करावेत, असं ग्रामसेवक म्हणतात आणि वहीत तुमच्या नावापुढं पेन टेकवून थांबतात.